बोलता न येणाऱ्याचं दुखणं

चार वर्षांचा मुलगा हर्नियाच्या ऑपरेशननंतर भुलीतून बाहेर येतोय. डोळे उघडे आहेत, पण आईकडे बघत नाही. पाय झाडतोय, हातावरचं सलाईन ओढतोय, जवळ घेतलं की आणखीच आकांत करतोय. आई म्हणते, "अहो, किती दुखत असेल त्याला, काहीतरी द्या ना!" तरी भूलतज्ज्ञ लगेच सिरिंज भरत नाही. आधी बोटाला लावलेल्या चिमट्याचा आकडा बघतो. ऑक्सिजन कमी पडला तरी मूल असंच बिथरतं, आणि अशा वेळी मॉर्फिनच्या जातीचं औषध दिलं तर श्वास आणखी मंदावेल. आकडा 99. म्हणजे ती भीती नाही.

मग खरंच दुखतंय का? लहान मुलांसाठी ‘फ्लॅक’ नावाची मोजपट्टी वापरतात. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण. या मुलाला सहज 8 मिळतील. पण हे आठ गुण फसवे असू शकतात. मूल झोपेत असतानाच पाठीच्या खालच्या टोकाला इंजेक्शन देऊन (कॉडल ब्लॉक) त्याचा कमरेखालचा भाग बधिर केला होता, आणि तो असर काही तास टिकतो. शिवाय ती नजर! दुखणारं मूल आईला चिकटतं, जखमेकडे हात नेतं. हे मूल आईला ओळखतच नाहीये. सेव्होफ्लुरेनसारख्या वायूची भूल उतरताना काही मुलं, विशेषतः दोन ते पाच वर्षांची, अशी अर्धवट जागी होऊन बेभान होतात. याला ‘एमर्जन्स डिलिरियम’ म्हणतात. बहुतेक वेळा अर्ध्या तासात ते आपोआप निवळतं. 2004 मध्ये आलेली ‘पेड’ मोजपट्टी म्हणूनच मूल नजरेला नजर देतं का, हेही विचारते. अर्थात दुखणं आणि हे भान हरपणं एकाच वेळीही असू शकतं. अशा वेळी पट्टीपेक्षा पलंगाशेजारी उभं राहून बघणाऱ्याचा अंदाज जास्त कामी येतो, असं माझं मत.

एवढा विचार करण्याची रीत तशी अलीकडची. 1980 च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळांची मोठी ऑपरेशनंसुद्धा नाममात्र भुलीवर व्हायची. स्नायू लुळे पाडणारं औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड हा हलक्या भुलीचा वायू, बस्स. बाळाची मज्जासंस्था अपुरी वाढलेली, त्याला काय कळतंय, अशी समजूत. शिवाय भूल त्या इवल्या जिवाला झेपणार नाही ही भीती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण स्नायू लुळे पडलेलं बाळ हलणार तरी कसं आणि रडणार तरी कसं?

रडू शकत नसलेल्या बाळाचं दुखणं रक्तात सापडलं. मूळचे भारतातले डॉ. कन्वलजीत आनंद तेव्हा ऑक्सफर्डला होते. हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधण्याचं ऑपरेशन होणाऱ्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांपैकी काहींना त्यांच्या गटाने नेहमीच्या भुलीबरोबर फेन्टॅनिल हे वेदनाशामक दिलं. न दिलेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कितीतरी जास्त वाढली, आणि ऑपरेशननंतरचा त्रासही त्यांनाच जास्त झाला. 1987 साली ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. 1997 मध्ये त्याच नियतकालिकात आलेला अभ्यास आणखी बोलका होता. जन्मल्यावर बधिर न करता सुंता झालेली मुलं 4 ते 6 महिन्यांची झाल्यावर लस टोचताना इतरांपेक्षा जास्त रडली. आधी बधिर करणारं क्रीम लावलेल्यांचं रडणं त्या मानाने कमी होतं. त्या दिवसाची आठवण त्यांना नसेल, पण शरीरात काहीतरी उरलं होतं.

दुखतंय हे मान्य झालं तरी औषधाचा प्रश्न सुटत नाही. कोडीनचंच बघा. सौम्य म्हणून ते वर्षानुवर्षं मुलांना दिलं गेलं. कोडीन स्वतः फारसं काही करत नाही. यकृतातलं सीवायपी2डी6 हे एन्झाइम त्याचं मॉर्फिन करतं तेव्हा दुखणं थांबतं. काहींच्या शरीरात हे एन्झाइम जवळजवळ कामच करत नाही, त्यांना औषधाचा उपयोग नाही. काहींच्यात ते इतकं झपाट्याने चालतं की वजनानुसार अचूक मोजलेला डोसही जास्त होतो. टॉन्सिल काढल्यानंतर कोडीन दिलेली काही मुलं श्वास मंदावून दगावली. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2013 मध्ये कडक इशारा दिला आणि 2017 मध्ये 12 वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊच नये असं सांगितलं.

आई-बाबांचा हमखास प्रश्न असतो, भुलीने मेंदूवर परिणाम होईल का? 2019 मध्ये आलेल्या ‘गॅस’ या चाचणीत तान्हेपणी साधारण तासभर पूर्ण भूल दिलेली आणि फक्त पाठीत इंजेक्शन देऊन ऑपरेशन केलेली मुलं पाच वर्षांची झाल्यावर तपासली. बुद्धिमत्तेत फरक दिसला नाही. लांबलचक किंवा वारंवार भुलीबद्दल मात्र एवढं ठामपणे बोलता येत नाही.

सगळ्यात अवघड निर्णय बहुधा ऑपरेशनच्या सकाळीच समोर उभा राहतो. मूल उपाशी, आई-बाबांनी रजा टाकलेली, सर्जन तयार, आणि मुलाचं नाक वाहतंय. पाणी पातळ आहे, ताप नाही, मूल खेळतंय, तर अनेकदा पुढे जाता येतं. पण घट्ट पिवळा शेंबूड, ओला खोकला, छातीत घरघर असेल तर श्वासनलिका चिडलेली असते. भूल देताना स्वरयंत्र गच्च मिटू शकतं. तान्ह्या बाळाला वजनाच्या मानाने मोठ्यांच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन लागतो आणि फुप्फुसातला साठा तोकडा असतो, त्यामुळे श्वास अडला की ते काही सेकंदांतच निळं पडू लागतं. हर्निया साधा असेल, अडकलेला नसेल, तर तो दोन-चार आठवडे थांबू शकतो. तेव्हा भूलतज्ज्ञ स्टेथोस्कोप गळ्यात टाकतो आणि आईला म्हणतो, "आज नाही करत. याला आधी काहीतरी खायला द्या."