जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांची वैद्यकीय प्रतिपूर्ती: पात्रता, कागदपत्रे आणि बिल कुठे अडते

अँजिओप्लास्टी झालेले गुरुजी महिना-दीड महिन्याने शाळेत रुजू होतात आणि मग पिशवीभर पावत्या घेऊन पंचायत समितीत येतात. तोवर निम्म्या त्रुटी दुरुस्तीपलीकडे गेलेल्या असतात. मेडिकल बिलांच्या टेबलावर बरीच वर्षे काढल्यावर माझे एकच सांगणे आहे: प्रतिपूर्तीची, म्हणजे उपचारांचा खर्च कार्यालयाकडून परत मिळवण्याची, फाइल रुग्ण दाखल झाल्याच्या दिवशीच उघडा. घरातल्या एका माणसाकडे हेच काम सोपवा.

आधी पात्रता. या प्रतिपूर्तीचा पाया महाराष्ट्र राज्य सेवा (वैद्यकीय देखभाल) नियम, १९६१ हा आहे. सरकारी रुग्णालयातल्या उपचारांचा प्रश्न सहसा येत नाही. खासगी रुग्णालयाचा खर्च मागायचा असेल तर १९ मार्च २००५ चा शासन निर्णय पाहावा लागतो. त्यात २७ आकस्मिक आणि ५ गंभीर आजारांची यादी आहे. हृदयविकाराचा झटका, अपघात, धनुर्वात हे आकस्मिक आजारांत येतात. हृदय शस्त्रक्रिया, बायपास, अँजिओप्लास्टी, मूत्रपिंड प्रतिरोपण आणि रक्ताचा कर्करोग हे पाच गंभीर. आजार यादीत बसतो की नाही हे डिस्चार्ज कार्डावरच्या निदानावरून ठरते. त्यामुळे कार्डावर नुसते ‘छातीत दुखणे’ लिहून आले असेल, तर तिथेच थांबून डॉक्टरांकडून नेमके निदान लिहून घ्या.

कुटुंबात पती किंवा पत्नी, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील येतात. महिला कर्मचाऱ्याला आईवडील किंवा सासूसासरे यांपैकी एकाची निवड करता येते. ही निवड कार्यालयात लेखी दिलेली असू द्या. आजारपण आल्यावर ती देणाऱ्या भगिनींची फार धावपळ होते, आणि ते बघवत नाही.

आता कागद. विनंती अर्ज, प्रपत्र अ, ब, क, ड, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचे अत्यावश्यकता प्रमाणपत्र (उपचार गरजेचे होते असे सांगणारे), आंतररुग्ण (दाखल असलेला रुग्ण) असल्याचा दाखला, मूळ डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले आणि पावत्या, तपासण्यांचे अहवाल, रुग्णालयाच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, अवलंबित्वाचा दाखला, लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र आणि शिधापत्रिकेची प्रत. ही यादी सगळ्यांना पाठ असते. फाइल परत येते ती बारीक गोष्टींवरून. मेडिकल स्टोअरच्या बिलावर रुग्णाचे नाव ‘एस. पाटील’ आणि डिस्चार्ज कार्डावर पूर्ण नाव. औषधाच्या बिलाची तारीख डिस्चार्जनंतरची. बिल आहे, पण ते औषध लिहून दिलेली चिठ्ठी नाही. थर्मल कागदावरची पावती तर सहा महिन्यांत कोरी पडते. तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढा, तिच्यावर रुग्णालयाचा शिक्का घ्या आणि मूळ पावतीला जोडा.

स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला असेल तर पाकिटावरचा स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, बॅच क्रमांक आणि किंमत असते. फेब्रुवारी २०१७ पासून केंद्र सरकारने स्टेंटच्या कमाल किमती ठरवून दिल्या आहेत. स्टिकर सोबत असला की बिलातला आकडा बरोबर आहे का, हे तपासणाऱ्याला लगेच कळते. टॉनिक, प्रोटीन पावडर, जेवण, नातेवाइकांचा चहा ही रक्कम कापली जाते. ती मागूच नका. अशा दोन-चार ओळींमुळे सगळे बिल संशयाने पाहिले जाते.

शिक्षकाची फाइल मुख्याध्यापकांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात जाते. तांत्रिक पडताळणी जिल्हा शल्य चिकित्सकांकडे होते, नंतर प्रशासकीय मंजुरी मिळते आणि मग अनुदानाची वाट पाहायची. मंजूर बिलेसुद्धा महिनोन्‌महिने पडून राहतात. ज्याने सोसायटीचे कर्ज काढून ऑपरेशन केले, त्याचे व्याज या काळात थांबत नाही. म्हणून प्रत्येक टप्प्याची पोच आणि जावक क्रमांक वहीत लिहून ठेवा.

मग कर्मचाऱ्यांचा गटविमाच का काढत नाहीत, असे पुष्कळ जण विचारतात. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये तो काढला होता. दोन वर्षांत कंपनीने हप्ता वाढवून मागितला आणि २०१७ मध्ये योजना बंद पडली. गटविम्याचा पुढच्या वर्षीचा हप्ता मागच्या वर्षीच्या दाव्यांवर ठरतो. त्यात वयस्क आईवडील असले की दावे वाढतात आणि हप्ताही वाढतो. माझ्या मते संस्थेने आईवडिलांचा गट वेगळा ठेवावा आणि खोलीभाड्याला मर्यादा घालावी. सरसकट सगळ्यांचे संरक्षण काढून घेण्यापेक्षा ते बरे.

कर्मचाऱ्यानेही स्वतःची छोटी पॉलिसी जरूर घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची मिळून एक) आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी माफ झाला आहे. गटविम्याला ही माफी नाही. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ (तोवर त्यांचा दावा मिळत नाही) आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, म्हणून निवृत्तीच्या तोंडावर नाही, पन्नाशीच्या आतच घ्या. विमा कंपनीकडून काही रक्कम मिळाली असेल तर प्रतिपूर्तीच्या अर्जात ती स्पष्ट लिहा. एकाच खर्चाचे पैसे दोनदा घेतल्याचे निघाले तर वसुली होते, चौकशीही लागते.

आईवडील ७० किंवा त्याहून जास्त वर्षांचे असतील तर त्यांचे केंद्र सरकारचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार कार्ड लागते, आणि संलग्न रुग्णालयात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत होतात. हे कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळते. ते आधीच काढलेले असले तर दाखल करताना तुमच्या हातात पैशांऐवजी कार्ड असते, आणि प्रतिपूर्तीच्या रांगेतली एक फाइल कमी होते.