बौद्धिक अक्षमता आणि मैत्रीतला सांभाळ

बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीची रोजची काळजी रक्ताचे नाते किंवा पगार नसताना एखाद्या मित्राने किंवा मित्रमंडळाने घेणे, हा या नोंदीचा विषय आहे. अभिजात साहित्यात अशा जोड्या थोड्याच असल्या तरी फार बारकाईने रंगवलेल्या आहेत. प्रत्यक्षातली काही माणसे आणि संस्था त्याच पेचांमधून गेल्या आहेत.

बौद्धिक अक्षमतेचे निदान तीन गोष्टी मिळून होते. बुद्धिगुणांक साधारण ७० किंवा त्याखाली असतो; व्यवहार, संवाद आणि स्वतःची देखभाल यांतली कौशल्ये वयाच्या मानाने कमी असतात; आणि हे सारे वाढीच्या वयातच सुरू झालेले असते. ५० ते ६९ बुद्धिगुणांकाला सौम्य, ३५ ते ४९ ला मध्यम, २० ते ३४ ला तीव्र आणि त्याखाली अतितीव्र अशी प्रतवारी रूढ आहे. बहुसंख्य व्यक्ती सौम्य गटात मोडतात. सांभाळ किती लागेल हे मात्र या आकड्यावरून फारसे कळत नाही, ते वरच्या तिन्हींतल्या दुसऱ्या निकषावरून, म्हणजे रोजच्या कौशल्यांवरून कळते. कपडे कोण घालून देते, रस्ता ओलांडता येतो का, दुखले तर सांगता येते का, अनोळखी माणसाला नाही म्हणता येते का, हे पाहावे लागते. बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नव्हे, पण एकाच व्यक्तीत दोन्ही असू शकतात.

लेनी आणि जॉर्ज

या विषयावरची सर्वांत जास्त वाचली गेलेली कृती म्हणजे जॉन स्टाइनबेक यांची १९३७ साली प्रसिद्ध झालेली ‘ऑफ माइस अँड मेन’ ही छोटी कादंबरी. मंदीच्या काळातल्या कॅलिफोर्नियात, सोलेदाद गावाजवळच्या शेतमळ्यावर दोन फिरते मजूर कामाला येतात. लेनी स्मॉल अंगाने धिप्पाड आहे आणि बुद्धीने लहान मुलासारखा. जॉर्ज मिल्टन त्याचा नातेवाईक नाही. लेनीची क्लारा मावशी वारल्यावर तो जॉर्जच्या मागोमाग कामावर निघाला आणि तसाच त्याच्याबरोबर राहिला. स्टाइनबेक यांनी तरुणपणी अशा मळ्यांवर मजुरी केली होती. लेनी खरा माणूस होता, आपण कित्येक आठवडे त्याच्याबरोबर काम केले आणि त्याच्या हातून एका मुकादमाचा जीव गेला, असे त्यांनी १९३७ मध्येच मुलाखतीत सांगितले होते.

ही कादंबरी करुण शेवटामुळे लक्षात राहते, पण सांभाळाच्या दृष्टीने तिचा आधीचा भाग अधिक मोलाचा आहे. जॉर्जने बरेच काही बरोबर केले आहे. कामाची दोन्ही कार्डे तो स्वतःच्या खिशात ठेवतो, कारण लेनी ती हरवेल. मालकासमोर काय बोलायचे याची तालीम आदल्या संध्याकाळीच होते. गडबड झाली तर नदीकाठच्या झुडपात येऊन थांबायचे, अशी एक ठरलेली जागा तो दाखवून ठेवतो आणि लेनीकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतो. स्वतःची छोटी शेती आणि ससे यांचे स्वप्न दर वेळी त्याच शब्दांत सांगितले जाते. त्यातली पुढची ओळ लेनीला येते, म्हणून त्याला ते ऐकून शांत वाटते. त्या शेतीची किंमतही ठरलेली आहे, ६०० डॉलर, आणि मजुरी महिना ५० डॉलर.

चुकते कुठे, तेही स्टाइनबेक लपवत नाहीत. कापड, उंदीर, केस असे मऊ काही दिसले की लेनीचा हात तिकडे जातो. समोरचा ओरडला की तो घाबरतो, आणि घाबरला की पकड सोडण्याऐवजी घट्ट करतो. वीड गावात एका मुलीच्या झग्याबाबत हेच झाले होते आणि दोघांना रातोरात पळावे लागले होते. मेलेला उंदीर, मग मळ्यावर मालकाच्या मुलाचा चिरडलेला हात, मग मेलेले कुत्र्याचे पिल्लू, अशी साखळी समोर घडते. या साखळीवर जॉर्जचा एकच उपाय आहे, रागावणे. पकड कशी सोडायची हे शांत वेळी, हातात हात देऊन, रोज दहा मिनिटे लेनीला कोणीच शिकवलेले नाही. हाताला मऊ काहीतरी हवे ही गरज मोडण्यापेक्षा भागवणे सोपे असते. मावशीने दिलेला रबराचा उंदीर त्याने नाकारला होता, कारण तो कुरवाळायला चांगला नव्हता. तिनेच दिलेला मखमलीचा एक तुकडा मात्र त्याला आवडे. तो हरवला आणि पुन्हा कोणी दिला नाही. गवताच्या कोठारात, ज्या बाईचा त्याच्या हातून पुढे जीव जातो तिलाच, ती मखमल आत्ता हवी होती असे तो सांगतो. वाचक तिथून घाईने पुढे जातात, पण काळजी घेणाऱ्याने थांबावे अशी ती जागा आहे.

दुसरी उणीव माहिती दडवण्याची. काम जाईल या भीतीने जॉर्ज लेनीला बोलू देत नाही, तो आपला चुलतभाऊ आहे आणि लहानपणी घोड्याने डोक्यात लाथ मारली असे खोटेच सांगतो. लेनीची मजुरी तू लाटतोस का, असा मालकाचा थेट प्रश्न जॉर्जला झोंबतो. प्रश्न मात्र योग्यच आहे, दुसऱ्याचे पैसे हाताळणाऱ्या प्रत्येकाला तो विचारला गेला पाहिजे. वीडमध्ये काय झाले हे मळ्यावर फक्त स्लिम या सहकाऱ्याला कळते. शनिवारी रात्री जॉर्ज गावात जातो आणि रविवारी दुपारी सगळे नाल फेकण्याच्या खेळात दंग असतात. या दोन्ही वेळी लेनीजवळ कोण थांबणार हे ठरलेले नसते. जॉर्जचा जीव लेनीवर आहे यात शंका नाही. पण सगळा सांभाळ एकाच माणसावर उभा आहे आणि त्यालाही सुट्टी लागते.

सत्तेची बाजूही कादंबरीत आहे. पूर्वी गंमत म्हणून जॉर्जने लेनीला सॅक्रामेंटो नदीत उडी मार म्हटले आणि पोहता येत नसताना त्याने मारली. बाहेर काढल्याबद्दल तो जॉर्जचेच आभार मानत राहिला. त्यानंतर जॉर्जने ती चेष्टा सोडली. सांगितले ते करण्याची ही सवय सांभाळणाऱ्याच्या हातात केवढी ताकद देते, हे याहून नेमके कुठे लिहिलेले सापडत नाही.

मिस्टर डिक यांची दोन टेबले

चार्ल्स डिकन्स यांच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये (१८४९–५०) वेगळी वाट दिसते. मिस्टर डिक यांना त्यांच्या भावाने वेड्यांच्या इस्पितळात टाकले होते, तिथून डेव्हिडच्या वडिलांची आत्या बेट्सी ट्रॉटवूड हिने त्यांना घरी आणले. त्यांची अवस्था आजच्या निकषांनी बौद्धिक अक्षमतेपेक्षा मानसिक आजाराच्या जवळची वाटते, तरी सांभाळाची रीत दोन्हीकडे लागू पडते. घरात कोणताही निर्णय घेताना बेट्सी आधी त्यांना विचारते आणि सहसा त्यांच्या सल्ल्याप्रमाणेच वागते. दमून आलेल्या डेव्हिडचे काय करावे, या प्रश्नाला ‘आंघोळ घालावी’ हे त्यांचे उत्तर असते, आणि तेच केले जाते. सराईतल्या मुक्कामाची त्यांची छोटी बिले मात्र चुकती करण्याआधी बेट्सी पाहते.

घराची मिळकत बुडाल्यावर डेव्हिडचा मित्र ट्रॅडल्स त्यांना कायद्याचे कागद नकलून काढण्याचे काम आणून देतो. अडचण अशी की मिस्टर डिक काहीही लिहायला बसले की त्यात पहिला चार्ल्स राजा घुसतो. मग खोलीत दोन टेबले मांडतात. एकावर नक्कल करायचा कागद, दुसऱ्यावर त्यांचे स्वतःचे कधी न संपणारे निवेदन. राजाची आठवण अनावर झाली की उठून दुसऱ्या टेबलाशी जायचे, पहिल्या कागदात एक अक्षरही बदलायचे नाही. सुरुवातीला बेट्सी शेजारी बसून लक्ष ठेवते. शनिवारपर्यंत त्यांची दहा शिलिंग नऊ पेन्सची कमाई होते. आजच्या कार्यशाळांमध्ये यालाच कामाची जुळवणी म्हणतात: सवय न मोडता तिला जागा द्यायची, सूचना एकच आणि ठाम ठेवायची, देखरेख हळूहळू कमी करायची.

मराठीत जयवंत दळवी यांच्या ‘नातीगोती’ नाटकात हा भार आईवडिलांवरच आहे, आणि त्यातली त्यांची घुसमट आजही पालकांना आपली वाटते. १९९१ च्या ‘चौकट राजा’ चित्रपटात मात्र बौद्धिक अक्षमता असलेल्या नंदूभोवती आईखेरीज शेजारचा गणा आणि बालमैत्रीण मीनल आहेत. मैत्रिणीच्या संसारात नंदूला किती जागा असावी, हा त्यातला पेच खऱ्या आयुष्यातही वारंवार येतो.

कादंबरीतले पात्र न्यायालयात

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अ‍ॅटकिन्स खटल्यात बौद्धिक अक्षमता असलेल्यांना मृत्युदंड देणे घटनाबाह्य ठरवले. कोणाला अक्षम मानायचे हे ठरवताना टेक्सासच्या फौजदारी अपील न्यायालयाने २००४ मध्ये चक्क लेनीचा दाखला दिला आणि सात प्रश्नांची कसोटी घालून दिली. माणूस पुढाकार घेतो की दुसऱ्याच्या मागे जातो, स्वतःच्या फायद्यासाठी नीट खोटे बोलू शकतो का, असे ते प्रश्न होते. सौम्य अक्षमता असलेली बरीच माणसे थोडेफार खोटे बोलतात, नोकरी करतात, लग्नही करतात. लेनीच्या मापाने ती सारी बाहेर पडतात. बुद्धिगुणांक ६१ नोंदलेल्या मार्विन विल्सन यांना ७ ऑगस्ट २०१२ रोजी टेक्सासमध्ये मृत्युदंड दिला गेला, तेव्हा स्टाइनबेक यांचे पुत्र टॉमस यांनी वडिलांच्या पात्राच्या या वापराचा जाहीर निषेध केला होता. २०१७ मध्ये मूर विरुद्ध टेक्सास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती कसोटी अमान्य केली. साहित्यातले पात्र समजूत वाढवायला उपयोगी असते, मोजपट्टी म्हणून ते घातक ठरते.

प्रत्यक्षातले प्रयोग

बेल्जियममधल्या गील गावात संत डिम्फना हिच्या चर्चला येणारे मनोरुग्ण गावकऱ्यांच्या घरी राहू लागले, ही प्रथा मध्ययुगापासूनची आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तिथे सुमारे ३,७०० पाहुणे घरोघर राहत होते. पुढे ही संख्या काहीशेवर आली. त्यांत बौद्धिक अक्षमता असलेलेही मोठ्या प्रमाणात आहेत. कुटुंबाला भत्ता मिळतो, परिचारिका भेट देते, अडचण आली तर मागे रुग्णालय असते. या आधारामुळेच घरे टिकली. नुसत्या दयाबुद्धीवर शतके निघत नाहीत.

१९६४ साली फ्रान्समध्ये जाँ व्हानिए यांनी सुरू केलेल्या ‘लार्श’ समुदायांत अक्षम आणि सक्षम माणसे एका घरात मित्र म्हणून राहतात. हे जाळे अनेक देशांत पसरले. व्हानिए यांच्या मृत्यूनंतर, २०२० मध्ये, त्यांनी निदान सहा स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे संस्थेनेच नेमलेल्या चौकशीत उघड झाले. त्या स्त्रिया अक्षम नव्हत्या. संस्थापकाभोवतीच्या भक्तीमुळे प्रश्न विचारले गेले नाहीत, हा त्यातला धडा मैत्रीवर उभ्या प्रत्येक व्यवस्थेला लागू आहे. पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यातल्या कोळवणजवळ साधना व्हिलेजमध्ये प्रौढ व्यक्ती कुटुंबासारख्या घरांत राहतात आणि त्यांना तिथे ‘विशेष मित्र’ म्हणतात.

कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये १९८९ साली काही पालकांनी ‘प्लॅन’ ही संस्था काढली. ‘आमच्या माघारी याचे कसे होणार’ या प्रश्नावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे प्रत्येक व्यक्तीभोवती मित्रांचे मंडळ बांधायचे आणि ते जुळवून ठेवायला एक पगारी माणूस नेमायचा. पगारी माणूस मित्र नसतो, पण बैठक ठरवणे, फोन करणे, गळालेल्याच्या जागी नवा आणणे ही कामे तो करतो. ती कोणी केली नाहीत तर मंडळ वर्ष-दोन वर्षांत विरते.

मंडळ चालवताना

पाच-सहा माणसे पुरतात. त्यांत निदान एक व्यक्तीच्याच वयाचा आणि एक पालकांपेक्षा वीस वर्षांनी लहान असावा, नाहीतर सगळे एकदमच थकतात. प्रत्येकाचे काम वेगळे हवे: एक बँकेचे पाहील, एक दवाखान्याचे, एक दर रविवारी फिरायला नेईल. पैसे आणि कागदपत्रे एकाच माणसाकडे एकवटू नयेत. व्यक्ती स्वतः बैठकीला हजर हवी, आणि तिच्याबद्दल तिच्यासमोर तिऱ्हाइतासारखे बोलू नये.

बोलताना एका वेळी एकच गोष्ट विचारावी आणि उत्तरासाठी दहा सेकंद तरी थांबावे. बहुतेक जण मध्येच स्वतः उत्तर देऊन टाकतात. ‘हो’ या उत्तरावर लगेच विसंबू नये, कारण समोरच्याला खूश ठेवायची सवय लहानपणापासून लागलेली असते. तोच प्रश्न उलटा करून किंवा वस्तू समोर ठेवून विचारावा. दोन पर्याय दिले तर पुष्कळदा शेवटचा उचलला जातो, म्हणून क्रम बदलून पुन्हा पाहावे.

वागणे अचानक बदलले, मारहाण किंवा जेवण सोडणे सुरू झाले, की ‘त्याचा स्वभावच तो’ असे म्हणून सोडू नये. दातदुखी, बद्धकोष्ठता, कान फुटणे, थायरॉइड, नवीन औषध हे आधी तपासावे. दुखणे सांगता न येणाऱ्यांच्या बाबतीत इथेच सर्वांत जास्त चुका होतात. फेफरे असणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर थेट रुग्णालयात न्यावे, तोंडात काही घालू नये. औषधांची नावे, मात्रा, काय घडल्यावर भीती वाटते आणि कशाने शांत वाटते, हे एका पानावर लिहून मंडळातल्या प्रत्येकाकडे असावे. जॉर्जने असे पान लिहून ठेवले असते तर रविवारी काय करायचे ते स्लिमला कळले असते.

मैत्रीच्या नावाखाली लुबाडणारेही भेटतात. त्या व्यक्तीचे एटीएम कार्ड वापरणे, तिच्या नावावर मोबाइल घेणे, ‘घरी सांगू नकोस’ म्हणणे ही त्याची ओळखखूण. आणि चांगला मित्र गाव सोडून जाणार असेल तर ते आधी सांगावे, दिनदर्शिकेवर दिवस दाखवून, नव्या माणसासोबत काही भेटी एकत्र करून. न सांगता नाहीसा झालेला मित्र मेला असेच काहींना वाटते.

भारतातली कायद्याची चौकट

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. ठरावीक निर्णयापुरते आणि ठरावीक मुदतीचे हे पालकत्व परस्पर विश्वासावर, त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालायचे असते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, वय १८ पूर्ण झाल्यावर आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. मित्राला स्वतः हा अर्ज करता येत नाही, पण आईवडील किंवा नातेवाईक आपल्या पसंतीच्या कोणाही व्यक्तीचे नाव सुचवू शकतात, त्यामुळे मित्राचे नाव घालता येते. नेमणूक झाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब समितीला द्यावा लागतो. त्याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. आईवडील हयात आणि धडधाकट असतानाच मित्राचे नाव अर्जात घालून समितीपुढे त्याची ओळख करून द्यावी. दोघेही गेल्यावर अर्ज करायला नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था शोधावी लागते.