रात्री दोनचा लाल रुमाल

१२ नोव्हेंबर १८८८. संध्याकाळी सहाच्या सुमारास लंडनच्या कमर्शियल स्ट्रीटवरच्या पोलीस चौकीत जॉर्ज हचिन्सन नावाचा एक बेकार माणूस आला. तीन दिवसांपूर्वी, ९ तारखेला, तिथून जवळच असलेल्या मिलर्स कोर्ट या बोळातल्या १३ नंबरच्या खोलीत मेरी जेन केली हिचा छिन्नविच्छिन्न मृतदेह सापडला होता. त्या वर्षी लंडनमध्ये बायकांचे खून करणाऱ्या आणि कधीच न सापडलेल्या जॅक द रिपरचा हा शेवटचा बळी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हचिन्सनचं म्हणणं असं की, त्या रात्री दोन वाजता केली त्याला रस्त्यात भेटली होती. तिने सहा पेन्स उसने मागितले, त्याच्याकडे नव्हते. ती पुढे गेली आणि तिला एक अनोळखी माणूस भेटला.

आता त्या माणसाचं वर्णन ऐका. वय चौतीस-पस्तीस, उंची पाच फूट सहा इंच, रंग फिकट. डोळे काळे, पापण्यांचे केसही काळे, मिशीची टोकं वर वळलेली. लांब गडद कोट, त्याच्या कॉलरला आणि बाह्यांना कुरळ्या लोकरीची किनार. आत फिकट जाकीट. काळा टाय, टायला घोड्याच्या नालाच्या आकाराची पिन. जाडजूड सोन्याची साखळी. बुटांवरच्या पट्ट्यांना पांढरी बटणं. आणि केली म्हणाली की माझा रुमाल हरवलाय, तेव्हा त्याने खिशातून काढून दिलेला रुमाल: लाल. मुलगा बघून आलेल्या मावशीलाही दिवसाउजेडी एवढं टिपता येणार नाही!

तपासाची धुरा सांभाळणाऱ्या इन्स्पेक्टर अ‍ॅबरलाइनने हचिन्सनची उलटतपासणी घेतली आणि माणूस खरं बोलतोय असं वरिष्ठांना कळवलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तपशील ऐकला की आपण सगळेच विरघळतो. १९८९ मध्ये ब्रॅड बेल आणि एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञांनी हेच तपासलं. दुकानातल्या दरोड्याच्या एका कल्पित खटल्यात एक साक्षीदार नुसतं म्हणतो, 'त्याने काही वस्तू घेतल्या'. दुसरा त्या खाऊच्या गोळ्यांचं आणि कोल्ड्रिंकचं नावच सांगतो. गोळ्या कुठल्या याचा गुन्ह्याशी काडीचा संबंध नाही, तरी वाचणाऱ्यांनी दुसऱ्याच्या साक्षीला जास्त वजन दिलं.

पण डोळ्यांचं काय? लाल रुमालापाशी मी नेहमी अडखळतो. माझ्या गॅलरीत लाल जास्वंद आहे. तिन्हीसांजेला दिवा न लावता तिच्याकडे पाहत बसा. दुपारी पानांपेक्षा कितीतरी उठून दिसणारं फूल हळूहळू काळपट होत जातं आणि पानं मात्र अजून उजळ वाटतात. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नोंदवून ठेवलं, म्हणून याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशींना भरपूर उजेड लागतो. अंधार वाढला की काम दंडाकार पेशींकडे जातं. त्या अंधुक उजेडात तरबेज, पण त्यांना रंग कळत नाही, आणि तांबड्या प्रकाशाला तर त्या जवळजवळ आंधळ्याच.

१८८८ चे रस्त्यावरचे दिवे म्हणजे गॅसची उघडी, पिवळसर ज्योत. क्वीन्स हेड या दारूच्या दुकानाच्या दिव्याखाली आपण उभे होतो आणि तो माणूस जवळून गेला तेव्हा वाकून त्याचं तोंड पाहिलं, असं हचिन्सन म्हणतो. दिव्याच्या अगदी खाली चेहरा दिसला असेल, मानू. पण रुमाल निघाला तो तिथे नाही, पुढे बोळाच्या तोंडाशी. विलेम वागेनार या डच मानसशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये चेहरा ओळखण्याच्या प्रयोगांवरून एक ढोबळ नियम सुचवला: अंतर १५ मीटरपेक्षा जास्त नको आणि उजेड १५ लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) कमी नको. आपल्या अभ्यासाच्या टेबलावर तीनशे-चारशे लक्स असतात, एवढं लक्षात घेतलं तरी त्या रस्त्याची कल्पना येते.

शिवाय मधे तीन दिवस गेले होते. याच घटनेच्या तीनच वर्षं आधी, १८८५ मध्ये, हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा आलेख मांडला होता. निरर्थक अक्षरं पाठ केली की तासाभरात निम्म्याहून जास्त पुसली जात. डोळ्यांसमोर घडलेला प्रसंग इतक्या झपाट्याने जात नाही, पण त्यातली भोकं मेंदू गुपचूप बुजवतो, आणि बुजवायला हाताशी असेल ते वापरतो. त्या शरद ऋतूत व्हाइटचॅपलमध्ये, म्हणजे हे खून झाले त्या वस्तीत, हाताशी होत्या त्या अफवा, वर्तमानपत्रं आणि 'खुनी कुणी परका ज्यूच असणार' ही कुजबुज. हचिन्सनचा माणूसही ज्यू दिसत होता, हे ओघानेच आलं.

पुढच्या एक-दोन दिवसांत तो पत्रकारांशी बोलला. आता फिकट रंगाचा सावळा झाला, काळ्या पापण्यांच्या जागी दाट भुवया आल्या आणि सोन्याच्या साखळीला लाल खड्याचं पदक लटकू लागलं.

याउलट रिपरच्या आधीच्या एका खुनातला साक्षीदार जोसेफ लावेंडे पाहा. ३० सप्टेंबरच्या पहाटे १.३५ च्या सुमारास मित्रांबरोबर क्लबमधून बाहेर पडताना त्याने मायटर स्क्वेअरजवळ एका बाईला पुरुषाशी बोलताना पाहिलं. दहाएक मिनिटांत त्या चौकात कॅथरीन एडोजचा मृतदेह सापडला. चौकशीत लावेंडे काय म्हणाला? तो माणूस पुन्हा दिसला तर ओळखेन, याची खात्री नाही. वर्तमानपत्रांना असला साक्षीदार कशाला आवडेल? मला विचाराल तर मी त्याच्याच बाजूने.

मग हचिन्सन धादांत खोटं बोलला का? इथे सारा लुईस आडवी येते. अडीच वाजता ती मिलर्स कोर्टात शिरत होती. वेळ तिने चर्चच्या घड्याळात पाहिली होती. समोर एक माणूस बोळाकडे नजर लावून कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखा उभा होता. काळी, रुंद काठाची हॅट, उंची फारशी नाही, जरा स्थूल. कपड्यांकडे आपलं लक्ष गेलं नाही, असं तिने सरळ सांगितलं. आपण केलीच्या बोळाबाहेर पाऊण तास थांबलो होतो, हे हचिन्सनचं वाक्य तिच्या साक्षीशी जुळतं. फक्त तिने ती साक्ष कॉरोनरसमोर (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर) दिली ती १२ नोव्हेंबरलाच, हचिन्सन चौकीत येण्याच्या आधी.