अवेळी पावसाच्या हिशेबात न बसलेले बोंबील

मुंबईच्या किनाऱ्यावरच्या मढ, भाटी, वर्सोवा, गोराई, मनोरी इथल्या हिवाळी मासेमारीत एकच वारा दोन कामे करतो. उत्तरेकडून येणारा कोरडा वारा बांबूवर जोडीजोडीने अडकवलेले बोंबील तीन-चार दिवसांत खडखडीत वाळवतो. तोच जोर धरू लागला की किनाऱ्यालगतच्या लहान होड्यांना बाहेर पडता येत नाही. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळी हवा, सरकला की मागून हा वारा उतरतो आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई, दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे हे रोजचे वेळापत्रक कोलमडते. डोल जाळे जागेवर बांधलेले असते. त्यात मासळी प्रवाहच आणतो, त्यामुळे भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेल्या दिवसांत घरी बसलेला माणूस उधाणाच्या, प्रवाह जोरात असलेल्या चार दिवसांत वाऱ्याकडे सहसा काणाडोळा करतो.

जुना इतिहास थोडक्यात आटोपता येईल. कुलाब्याला हवामानाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत आणि बंदरावर धोक्याचा बावटा लावायची पद्धतही जुनीच. 22 जानेवारी 1962 रोजी सांताक्रूझला पारा 7.4 अंशांवर उतरला, तो नीचांक अजून मोडलेला नाही. त्याच सुमारास शिडांच्या जागी इंजिने येत होती आणि सुती-तागी जाळ्यांच्या जागी नायलॉनची. इंजिनामुळे हवा बिघडताना लवकर परतता येऊ लागले, हा मोठाच फायदा. पण मोठ्या नौका बर्फ घेऊन लांब गेल्या आणि किनाऱ्याजवळचे पाणी लहान होडीवाल्यांकडे व डोलकरांकडे उरले. 1981 च्या राज्य कायद्याने मासेमारीचे नियमन केले. पावसाळी बंदीवरून तेव्हापासून वाद होत आले, हिवाळा मात्र कोणाच्याच अजेंड्यावर नव्हता.

तो अजेंड्यावर आला 2009 मध्ये. 11 नोव्हेंबरला फयान चक्रीवादळ मुंबई-अलिबाग पट्ट्यात आले तेव्हा हंगाम भरात होता. 2017 मध्ये ओखी वादळ कन्याकुमारी, लक्षद्वीप असा वळसा घेत गुजरातच्या दिशेने निघाले आणि 4-5 डिसेंबरला मुंबईत पाऊस पडला. 3 तारखेला दत्तजयंतीची पौर्णिमा होती, म्हणजे ऐन उधाणाचे दिवस. 2019 मध्ये ऑक्टोबरअखेर क्यार आणि पाठोपाठ महा. 1-2 डिसेंबर 2021 ला तर चक्रीवादळही नव्हते, अरबी समुद्रावरचा कमी दाबाचा पट्टा आणि पश्चिमी झंझावात एकत्र आले एवढेच. तरी मुंबईत पावसाळ्यासारखा पाऊस कोसळला. पुढच्याच महिन्यात, 23 जानेवारीला, पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने शहर झाकोळले.

या सगळ्यातून भरपाईचा जो प्रश्न उभा राहिला तो आजवर नीट सुटलेला नाही, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे. आपत्ती मदतीच्या केंद्राच्या यादीत अवेळी पाऊस नाही. राज्याने तो आपल्या यादीत घेतला, तेव्हा मच्छीमारांनाही दिलासा मिळेल असे वाटले होते. पण आपत्ती कोणती हे ठरले तरी नुकसान कशाचे मोजायचे हा दुसरा प्रश्न उरतोच. मच्छीमारांसाठीचे निकष बोलतात ते होडी आणि जाळ्यांबद्दल: फुटली, हरवली, दुरुस्ती लागली तर पैसे. डिसेंबरच्या पावसात होडी बहुधा शाबूत असते. भिजतो तो मांडवावरचा अर्धवट सुकलेला बोंबील आणि वाळवणाच्या खळ्यावर पसरलेला जवळा. बुरशी धरलेला तो माल पुन्हा उन्हात टाकून काही साधत नाही, कोंबडीखाद्यासाठी मातीमोल जातो.

हा माल बहुतेक वेळा बाईचा असतो. ती होडीवाल्याकडून ताजी मासळी विकत घेते, कधी उधारीवर, आणि सुकवून मार्च-एप्रिलनंतर विकायला काढते. तिच्याकडे होडीचा परवाना नाही की सातबारा नाही. वाळवणाची जागाही अनेकदा सरकारी. शेजारच्या शेतातल्या भिजलेल्या पिकाचा पंचनामा होतो, तर तिच्या खळ्यावर आलेला अधिकारी नोंद कोणत्या रकान्यात करणार? शासनाची बाजू अशी की वाळत घातलेल्या मासळीचे वजन आणि भाव नंतर सिद्ध करता येत नाहीत, आणि दारे उघडली तर खोटे दावे येतील. यात तथ्य आहे. पण कापून शेतात पडलेल्या भाताबाबतही हीच अडचण असते, तिथे वाट काढली गेलीच.

क्यार आणि महानंतर ऑगस्ट 2020 मध्ये सुमारे 65 कोटी रुपयांची विशेष मदत जाहीर झाली. तिचे दर मुख्यतः नौकेच्या प्रकारावर आणि इंजिनाच्या सिलिंडरांवर ठरले होते. लहान मासळी विक्रेत्यांना शीतपेट्या देऊ केल्या होत्या. ताजी मासळी विकणारीला त्या उपयोगी पडतात, सुकवणारी मात्र त्यांत काय ठेवणार, हे ठरवणाऱ्यांनाच ठाऊक.

एप्रिल 2025 मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. त्यात कर्ज, वीजदर आणि विमा या सवलतींचा गाजावाजा जास्त झाला. कोळीवाड्यांतल्या सुक्या मासळीवाल्या बायकांची मागणी त्याहून जुनी आणि लहान आहे: भिजलेल्या मासळीचा पंचनामा माल सडण्याआधी, त्याच दिवशी खळ्यावर येऊन व्हावा.