जांघेतली खाज म्हणजे गुप्तरोगच का?

‘जांघेत खाज सुटली, लाल चट्टा उठला, की गुप्तरोग समजा’ असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. भीती वाटणं साहजिक आहे. पण लैंगिक संबंध कधीच न आलेल्यांनाही अशी खाज सुटते.

बऱ्याचदा कारण साधं असतं. घाम, घट्ट जीन्स, अर्धवट वाळलेली चड्डी, आणि जांघेत गजकर्ण, म्हणजे त्वचेवरची बुरशी, होतं: कड लाल, किंचित उठावदार, मधला भाग निवळत गेलेला. पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांची बुरशी टॉवेलवाटेही तिथे पोचते. नवा साबण, जंतुनाशक किंवा केस काढायची क्रीम यांनीही आग होते. बुरशी पुन्हापुन्हा होत असेल तर रक्तातली साखर जरूर तपासा.

उलट सिफिलिस या गुप्तरोगाचा व्रण बहुधा दुखत नाही, खाजतही नाही. संबंधानंतर 10 ते 90 दिवसांत उठतो, आपोआप भरतो, आणि आजार मात्र आत राहतो. म्हणजे खाजेला घाबरणारा माणूस नेमका याच्याकडे दुर्लक्ष करू शकतो. असा व्रण, दुखरे पाणीदार फोड, लघवीच्या जागेतून पू किंवा असुरक्षित संबंध, यांपैकी काही असेल तर थांबू नका.

खात्री कशी कराल? त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्याची कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहतात; सिफिलिस, एचआयव्हीसाठी रक्त तपासतात. तोवर मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका. त्यानं खाज थांबते, बुरशी पसरते.