बी ग्रुप ते पीसीबी : वैद्यकीय प्रवेश आणि चौथ्या विषयाची पार्श्वभूमी

वैद्यकीय शिक्षणाकडे जायचे असेल तर अकरावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र (पीसीबी) घ्यावे लागते, हे महाराष्ट्रातील पालकांना वेगळे सांगावे लागत नाही. दहावीचा निकाल लागल्यावर घरोघरी जो वाद रंगतो तो या तीन विषयांवरून नसतोच. गणित ठेवायचे की सोडायचे, हा त्यातला पहिला मुद्दा. गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्या विद्यार्थ्याचे मन पुढे बदलले तर त्याला परतीची वाट आहे का, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे गेल्या पंचवीस वर्षांत अनेकदा बदलली आणि बहुतेक वेळा त्यामागे प्रवेशाचे बदललेले नियम होते.

ही विभागणी जुनीच आहे. अकरावीच्या शालान्त परीक्षेनंतर महाविद्यालयात जाण्याच्या काळात इंटर सायन्सला गणिताचा ए ग्रुप आणि जीवशास्त्राचा बी ग्रुप असे दोन रस्ते होते, आणि डॉक्टर होऊ इच्छिणारा बी ग्रुपला जाई. 1975 मध्ये दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली, दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध रुजला आणि ही निवड कनिष्ठ महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर, म्हणजे साधारण सोळाव्या वर्षी करावी लागू लागली. ए ग्रुप आणि बी ग्रुप ही नावे मात्र पुढेही बराच काळ बोलण्यात राहिली.

बारावीची बोर्डाची परीक्षा हीच प्रवेशपरीक्षा असण्याचा काळ 1999 पर्यंत चालला. तिन्ही विषयांच्या गुणांची बेरीज आणि त्यावर गुणवत्ता यादी, असा सरळ हिशेब होता. एकेका गुणाने प्रवेश हुकत असल्यामुळे पुनर्मूल्यांकन, प्रात्यक्षिकांत सढळ हाताने दिले जाणारे गुण आणि श्रेणीसुधारासाठी पुन्हा परीक्षेला बसणे यांभोवती वर्षभर धुसफूस चाले. सरावाच्या प्रश्नपत्रिकांचा मारा करणारा ‘लातूर पॅटर्न’ नावारूपाला आला तो बोर्डाच्या याच गुणांच्या जोरावर. त्या काळात गणित ठेवण्यात फारसा तोटा नव्हता, कारण बोर्डाचा अभ्यास चारही विषयांचा सारखाच होता आणि वैद्यकीयची जागा हुकली तर अभियांत्रिकीचे दार उघडे राही. न्यायालयाच्या आदेशानंतर शासकीय महाविद्यालयांतील 15 टक्के जागांसाठी 1988 पासून देशपातळीवरील वेगळी परीक्षाही होऊ लागली होती, पण आपल्याकडच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांची नजर उरलेल्या 85 टक्के जागांवर होती.

1999 मध्ये राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा आली आणि बोर्डाच्या गुणांचे महत्त्व पात्रतेपुरते उरले. या सीईटीचे स्वरूप आजच्या तुलनेत सौम्य होते. एकूण 200 प्रश्नांपैकी भौतिकशास्त्राचे 50, रसायनशास्त्राचे 50 आणि जीवशास्त्राचे 100 असत, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसत आणि अभ्यासक्रम राज्य मंडळाच्या बारावीचा होता. अकरावी हे वर्ष त्यामुळे पुष्कळांनी श्वास घेण्याचे वर्ष मानले. या तिघांच्या जोडीला गणित असलेला चार विषयांचा ‘पीसीएमबी’ हा गट याच काळात सर्वाधिक समंजस पर्याय होता, असे म्हणावे लागते. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी या दोन्ही प्रवेशपरीक्षा बोर्डाच्याच पुस्तकांवर आधारलेल्या, एकाच राज्यातल्या आणि पाठोपाठ होणाऱ्या असल्यामुळे साधारण हुशार विद्यार्थ्याला दोन्हीकडे हात मारता येई, आणि ग्रामीण भागातील, एकाच शिकवणीवर भिस्त ठेवणाऱ्या कुटुंबाला ही सोय फार मोलाची होती. आजच्या चर्चेत या परीक्षेला ‘सोपी’ म्हणून मोडीत काढले जाते, ते अन्यायकारक आहे.

त्यानंतरची पाच वर्षे अकरावीत विषय निवडणाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत वाईट गेली. 2013 मध्ये देशभरासाठी एकच परीक्षा, म्हणजे ‘नीट’, घेण्यात आली आणि राज्याने आपली सीईटी बाजूला ठेवली. त्याच वर्षी 18 जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ती परीक्षाच रद्दबातल ठरवली. त्यामुळे 2014 आणि 2015 मध्ये राज्य पुन्हा स्वतःच्या परीक्षेकडे वळले. एप्रिल 2016 मध्ये न्यायालयाने आपला आधीचा निकाल मागे घेतला, त्या महिन्याच्या अखेरीस नीट त्याच वर्षापासून लागू करण्याचा आदेश दिला, आणि विद्यार्थी 5 मे रोजी होणाऱ्या सीईटीच्या शेवटच्या तयारीत असताना ही परीक्षा मोजली जाणार की नाही, हेच अनिश्चित झाले. मे महिन्यातच केंद्राने अध्यादेश काढून राज्यांना त्या वर्षापुरती सवलत दिली. शासकीय जागा सीईटीवर भरल्या गेल्या, खासगी आणि अभिमत संस्थांसाठी मात्र 24 जुलैच्या नीटला बसणे भाग पडले. 2014 च्या जूनमध्ये ज्यांनी अकरावीला विषय निवडले त्यांनी एका परीक्षेचा विचार करून ते निवडले होते आणि बारावी संपल्यावर त्यांच्यासमोर दोन परीक्षा उभ्या राहिल्या. 2017 पासून राज्यातील शासकीय आणि खासगी जागांसाठी नीट हीच एकमेव परीक्षा उरली आणि तिची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळू लागली. अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतूनच शिकवले जात असताना मराठी प्रश्नपत्रिकेचा लाभ किती जणांना होतो, हा वेगळा विषय आहे.

गणिताची गच्छंती झाली ती यानंतर. नीटच्या 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे असतात, म्हणजे 720 गुणांपैकी 360. अकरावीचा अभ्यासक्रम बारावीइतकाच विचारला जातो आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. दोन वर्षांचा सगळा वेळ तीन विषयांना देणारे विद्यार्थी एका बाजूला आणि आठवड्याचे आठ-दहा तास गणिताला देणारे दुसऱ्या बाजूला, अशी ही शर्यत झाल्यावर गणिताच्या रकान्यात भूगोल किंवा मानसशास्त्र दिसू लागले, भाषेच्या जागी माहिती तंत्रज्ञान आले, आणि हे विषय निवडण्याचा निकष बहुधा ‘वर्गात न बसताही ज्यात पास होता येते तो’ असा झाला. त्याची किंमत भौतिकशास्त्रात मोजावी लागते. अकरावीच्या पहिल्याच धड्यांत सदिश येतात, गतीच्या समीकरणांत डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन येते, आणि ज्याच्या वेळापत्रकात गणिताचा तासच नाही त्याला भौतिकशास्त्राचे शिक्षक दोन-तीन तासांत ‘कामापुरते गणित’ उरकून देतात. जीवशास्त्रात तीनशेच्या वर आणि भौतिकशास्त्रात जेमतेम ऐंशी गुण असणे हे नवलाचे राहिलेले नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू, कारण नियमांचा खरा गुंता तेथे आहे. गणित घेऊन बारावी झालेल्या विद्यार्थ्याने नंतर केवळ जीवशास्त्राची परीक्षा दिली तर तो वैद्यकीय प्रवेशाला पात्र ठरतो का? राज्य मंडळाच्या परीक्षार्थींमध्ये नियमित, पुनर्परीक्षार्थी, खासगी आणि श्रेणीसुधार यांच्या जोडीला ‘तुरळक विषय’ असा एक वर्ग असतो. एखादाच विषय घेऊन बसणाऱ्या उत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी तो आहे. म्हणजे मंडळाच्या लेखी हा मार्ग वैध होता. वैद्यकीय शिक्षणाच्या नियामकांच्या लेखी मात्र तो संशयास्पद होता. त्यांच्या 1997 च्या विनियमांत तिन्ही शास्त्र-विषयांत मिळून खुल्या प्रवर्गासाठी 50 टक्के आणि राखीव प्रवर्गांसाठी 40 टक्के गुणांची अट होती, इंग्रजी आवश्यक होते, आणि या विषयांचा प्रात्यक्षिकांसह दोन वर्षे अभ्यास झालेला असावा, अशी अपेक्षा होती. स्वतंत्रपणे दिलेल्या जीवशास्त्राच्या परीक्षेमागे ही दोन वर्षे आहेत असे कसे मानायचे, हा नियामकांचा आक्षेप होता.

आक्षेप अगदीच निराधार नव्हता. बेडकाचे विच्छेदन अभ्यासक्रमातून गेले असले तरी सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड लावून पेशीविभाजनाच्या अवस्था ओळखणे, त्यांची आकृती जर्नलमध्ये काढणे आणि त्यावर शिक्षकांची सही घेणे, हे काम घरी बसून होत नाही. पण हीच कसोटी लावायची तर शिकवणीशी करार करून कनिष्ठ महाविद्यालयाची पायरीही न चढणाऱ्या ‘नियमित’ विद्यार्थ्यांचे काय, हा प्रतिप्रश्न तितकाच रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नियामकांनी कधी दिले नाही.

जानेवारी 2018 मध्ये नियामकांनी विनियमांत दुरुस्ती करून मुक्त विद्यालयांतून किंवा खासगी परीक्षार्थी म्हणून बारावी झालेल्यांना, तसेच जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून घेतलेल्यांना नीटसाठी अपात्र ठरवले. अर्ज भरण्याच्या ऐन मोसमात आलेल्या या निर्णयाविरुद्ध विद्यार्थी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले. तेथे त्यांना आधी परीक्षेला बसण्याची तात्पुरती मुभा मिळाली आणि मे 2018 मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली गेली. तरीही पात्रता प्रमाणपत्रांचा प्रश्न सुटला नाही. परदेशात वैद्यकीय शिक्षणासाठी जाऊ इच्छिणाऱ्यांना अशा प्रमाणपत्राची गरज असे, आणि बारावीनंतर जीवशास्त्र दिलेल्यांचे अर्ज दोन वर्षांच्या सलग अभ्यासाचे कारण दाखवून फेटाळले जात राहिले.

नवे विनियम जून 2023 मध्ये आले आणि 22 नोव्हेंबर 2023 रोजी सध्याच्या नियामकांनी, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, जाहीर सूचना काढली. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय मान्यताप्राप्त मंडळाकडून उत्तीर्ण केलेले असले, आणि त्यांपैकी एखादा बारावीनंतर अतिरिक्त म्हणून घेतलेला असला, तरी विद्यार्थी नीटला पात्र, असे त्यात म्हटले होते. आधी ज्यांचे अर्ज फेटाळले गेले त्यांनाही याचा लाभ देण्यात आला. या सूचनेवर ‘आता कोणीही डॉक्टर होणार’ अशी टीका झाली. ती करणाऱ्यांनी मूळ मजकूर वाचलेला दिसत नाही, कारण जीवशास्त्र उत्तीर्ण होण्याची अट कायम आहे आणि नीटमधील जीवशास्त्राचे 90 प्रश्न तर कोणालाच टळत नाहीत. मुक्त विद्यालयांचा वाद मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही विद्यार्थ्यांच्या बाजूने मिटला.

कनिष्ठ महाविद्यालयांच्या वेळापत्रकांवर या मोकळिकीचा परिणाम अजून फारसा दिसत नाही. शाखांच्या भिंती पातळ करण्याचे धोरण 2020 मध्ये जाहीर झाले, अकरावीचे प्रवेश 2025-26 पासून राज्यभर एकाच ऑनलाइन प्रक्रियेने होऊ लागले, पण आत गेल्यावर तुकड्या पीसीएम आणि पीसीबी अशाच पडतात, आणि चारही विषय हवे असणाऱ्याला ‘नीट की जेईई, एक काय ते ठरवा’ असे ऐकावे लागते. बायफोकलचा, म्हणजे दोन विषयांच्या जागी घेतला जाणारा व्यवसायाभिमुख, 200 गुणांचा विषय घेणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स घेतले की सहसा जीवशास्त्रच सुटते, आणि हे प्रवेशाच्या वेळी त्यांना स्पष्ट सांगितले जातेच असे नाही.

नीटमध्ये गुण कमी पडले तर पीसीबीच्या विद्यार्थ्यासाठी राज्याच्या सीईटीचा जीवशास्त्र गट उपलब्ध असतो. औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी यांचे प्रवेश त्यातून होतात, आणि त्या परीक्षेत आजही चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पीसीएमबी घेतलेला विद्यार्थी या सीईटीच्या दोन्ही गटांना बसू शकतो. चौथा विषय म्हणून गणित ठेवण्याच्या बाजूने आज एवढाच व्यावहारिक युक्तिवाद उरला आहे, आणि ज्याला नीटसाठी एक वर्ष थांबून पुन्हा बसण्याची ऐपत नाही त्याच्यासाठी तो अजूनही भक्कम आहे.