परमुलखात मोबाईलने पैसे देताना

अनोळखी गावात अनोळखी माणसाच्या पैशाची हमी कोण घेणार, हा प्रवाशांचा फार जुना प्रश्न आहे. व्यापाऱ्यांची सोय हुंडीने होत असे, पण हुंडीला दोन्ही टोकांना पेढी लागते. नुसत्या हौसेने फिरणाऱ्याची परगावी पेढी कुठून असणार? १७७२ मध्ये लंडनच्या रॉबर्ट हेरीस यांच्या कंपनीने युरोपातल्या ९० शहरांत वटतील अशा नोटा प्रवाशांना विकायला काढल्या. १८७४ मध्ये टॉमस कुक यांच्या कंपनीने तोच कित्ता गिरवला. पुढे १८९० च्या सुमारास अमेरिकन एक्सप्रेसचे अध्यक्ष जे. सी. फार्गो युरोपात हिंडले, तेव्हा मोठी शहरं सोडली तर त्यांच्या पतपत्राला, म्हणजे बँकेने दिलेल्या हमीच्या चिठ्ठीला, कुणी विचारेना. चिडून परतलेल्या फार्गोंनी मार्सेलस बेरी या सहकाऱ्याला तोडगा काढायला सांगितलं आणि १८९१ मध्ये ट्रॅव्हलर्स चेक आला. एक सही विकत घेताना, दुसरी खर्च करताना. दोन्ही जुळल्या की झालं. दुकानदाराला प्रवासी ओळखायची गरज उरली नाही, कंपनी ओळखीची असली की पुरे.

पुढे हीच हमी कार्डावर आली: १९५० मध्ये डायनर्स क्लब, १९५८ मध्ये बँकअमेरिकार्ड, ज्याचं १९७६ मध्ये व्हिसा झालं. कार्ड देणारी बँक एका देशातली, दुकानदाराची बँक दुसऱ्या देशातली आणि दोघींना बांधणारे नियम एकच. या सोयीची किंमत दुकानदार प्रत्येक व्यवहारामागे मोजतो. ती वाचवण्याच्या धडपडीतून पुढचं बरंच काही घडलं.

मोबाईलवरचे पैसे जिथे पहिल्यांदा रुजले, तिथे परदेशी पाहुणा कुणाच्या डोक्यातच नव्हता. जपानमध्ये २००४ साली डोकोमो या मोबाईल कंपनीने फोनमध्ये पाकीट आणलं ते तिथल्या ग्राहकांसाठी. केनियात २००७ साली एम-पेसा सुरू झालं ते बँकेत खातं नसलेल्यांसाठी. सिमकार्ड हेच खातं आणि कोपऱ्यावरचा एजंट हीच शाखा. चीनमध्ये तर कार्डाचं युग नीट यायच्या आधीच क्यूआर कोड आला. हा कोड जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला तयार केला होता आणि पेटंट असूनही वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. अलीपे या चिनी पेमेंट ॲपने २०११ मध्ये तो दुकानांत आणला, २०१३ मध्ये वीचॅट पे आलं. कागद छापून भिंतीवर चिकटवला की दुकान तयार. यंत्र नको, त्याचं भाडं नको.

अडलं ते ओळखीपाशी. ही ॲप्स चिनी बँक खातं, चिनी मोबाईल नंबर आणि चिनी ओळखपत्र गृहीत धरून बांधलेली होती. जुलै २०१६ पासून खऱ्या नावाच्या पडताळणीचे नियम आणखी कडक झाले. पैशांचे गैरव्यवहार रोखायला हे नियम रास्तच होते, पण आठवडाभरासाठी आलेला पर्यटक त्यांच्या बाहेर राहिला. मध्यवर्ती बँकेने २०१८ मध्ये रोख नाकारू नका असं दुकानदारांना बजावलं. बजावलं खरं, पण गल्ल्यात सुट्टेच नसतील तर पर्यटकाने नियम दाखवून काय मिळवायचं?

नोव्हेंबर २०१९ मध्ये अलीपेने टूर पास काढला: पासपोर्ट दाखवून परदेशी कार्डावरून आगाऊ पैसे भरायचे, जास्तीत जास्त २,००० युआन, मुदत ९० दिवस. हे मूळ ॲपला बाहेरून जोडलेलं ठिगळच होतं. जुलै २०२३ मध्ये अलीपे आणि वीचॅट पे या दोघांनीही परदेशी कार्ड थेट जोडण्याची वाट बरीच मोकळी केली आणि २०२४ मध्ये एका व्यवहाराची मर्यादा १,००० डॉलरवरून ५,००० वर, वर्षाची १०,००० वरून ५०,००० वर गेली. गंमत अशी, की ज्या कार्डाला वळसा घालून ही ॲप्स मोठी झाली, तेच कार्ड पाहुण्यासाठी त्यांना पोटात घ्यावं लागलं. २०० युआनपर्यंत शुल्क नाही आणि त्यावर ३ टक्के, हा नियम पाहून अनेक पर्यटक चक्रावतात. हा कार्डाचाच जुना खर्च. तो या निमित्ताने उघड दिसतो.

ॲपल पे (ऑक्टोबर २०१४) आणि गूगलचं पाकीट यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी नवीन खातं उघडायला लावलं नाही. घरचंच कार्ड फोनमध्ये बसवलं आणि खऱ्या क्रमांकाऐवजी पर्यायी क्रमांक दुकानाकडे पाठवला. त्यामुळे जिथे कार्ड टेकवायचं यंत्र आहे, तिथे परक्या देशातला फोनही सहसा चालतो. त्याच वर्षी लंडनच्या भुयारी रेल्वेने थेट बँक कार्ड टेकवून आत सोडायला सुरुवात केली, म्हणजे तिकीट काढणंही टळलं. जपानची गोष्ट मात्र निराळी. तिथली रेल्वे-बसची सुइका कार्डं सोनीच्या फेलिका या टेकवून वाचायच्या तंत्रावर चालतात. जपानबाहेर विकलेल्या आयफोनना ते तंत्र २०१७ च्या मॉडेलपासून मिळालं. बाहेर विकल्या जाणाऱ्या बहुतेक अँड्रॉइड फोनवर ते आजही वापरता येत नाही.

तिसऱ्या वाटेकडे वळण्याआधी एक भांडण सांगायला हवं. मे २०१९ मध्ये नेपाळच्या मध्यवर्ती बँकेने अलीपे आणि वीचॅट पेवर बंदी घातली. चिनी पर्यटक नेपाळमधल्या चिनी हॉटेलांत आणि दुकानांत चिनी ॲपने पैसे देत. पैसा चिनी खात्यातून चिनी खात्यातच जाई. पर्यटक आला, राहिला, जेवला, आणि देशात परकीय चलन आलंच नाही. पुढे स्थानिक बँकांमार्फत रीतसर परवानगी मिळाली. पाहुण्याच्या सोयीइतकाच यजमान देशाचा हिशेबही महत्त्वाचा, हे या प्रकरणाने ठळक केलं.

तिसरी वाट आग्नेय आशियातल्या मध्यवर्ती बँकांनी धरली: एका देशाची यंत्रणा दुसऱ्या देशाच्या यंत्रणेला जोडायची. एप्रिल २०२१ मध्ये सिंगापूरचं पेनाऊ आणि थायलंडचं प्रॉम्प्टपे या खात्यातून खात्यात झटपट पैसे पाठवायच्या यंत्रणा जोडल्या गेल्या, मोबाईल नंबरवरून पैसे पाठवण्यासाठी. क्यूआरचे जोड त्याच सुमारास थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम, मलेशिया, इंडोनेशिया असे पसरत गेले. पर्यटकाने आपलंच ॲप उघडायचं, तिथला कोड स्कॅन करायचा. ओळख पटवायचं काम त्याच्या घरच्या बँकेने आधीच केलेलं असतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये पाच देशांच्या मध्यवर्ती बँकांनी यावर करारही केला. भारताचं यूपीआय फेब्रुवारी २०२३ मध्ये पेनाऊला जोडलं गेलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी चालू लागलं. भारतात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी मात्र पासपोर्ट-व्हिसा तपासून आगाऊ पैसे भरायचं पाकीटच द्यावं लागलं.

या जोडण्यांत कार्डाची सगळी कामं अजून आलेली नाहीत. कार्डाच्या व्यवहारात तक्रार केली तर बँक पैसे परत फिरवू शकते. खात्यातून खात्यात गेलेला पैसा गेला तो गेला. हॉटेल किंवा भाड्याची गाडी घेताना काही रक्कम कार्डावर नुसती अडवून ठेवतात आणि शेवटी सोडून देतात. क्यूआरचे बहुतेक सीमापार व्यवहार पैसे फक्त देऊ शकतात, अडवून ठेवू शकत नाहीत. म्हणूनच बाहेर सगळीकडे फोनने पैसे घेणाऱ्या शहरातही हॉटेलच्या काउंटरवर पासपोर्टसोबत क्रेडिट कार्ड मागतात.